मूळ वर असलेलं झाड

माय, अंगणात मी खडूनं काढलेलं ते उलटं झाड तुला आठवतं का? ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा. नागपूरला कॉम्प्युटर शिकायला जाऊन मला वर्ष झालं होतं, आणि मी नुकतंच सांगितलं होतं की दिवाळीला येणं जमणार नाही, कॉलेजचं कॉम्प्युटर सुट्टीतच मोकळं मिळतं. तू दवाखान्यातून आलेली, नर्सची पांढरी साडीही न बदलता चुलीपुढे बसलेली. "नको येऊ मंग. इथी कोण वाट पाहून राह्यलं?"

माझ्या डोक्यात नवी विद्या शिरलेली. माणसांच्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी वाक्य फोडायचे नियम बसवले, आणि त्याच धर्तीच्या नियमांनी मशीनही प्रोग्राम आधी फोडतं, मग अर्थ लावतं, असं सरांनी शिकवलं होतं. मी तुझंच ते वाक्य घेऊन अंगणात खडूनं फोडते. वर अख्खं वाक्य, खाली फांद्या, शेवटी एकेक शब्द. तू तांदूळ पाखडायचं सूप हातात घेऊनच बाहेर येतेस. "झाडाचं मूळ वर काऊन?" तसंच काढतात, मी म्हणते. "समदं बसलं का त्यात माहं बोलणं?" बसलं. "पाह्य बरं नीट," म्हणतेस आणि हसत आत जातेस.

दिवाळीला मी आलेच, न कळवता. आपल्या सिंदेवाहीच्या एसटी स्टँडवर उतरले तर तू थैली घेऊन उभी. "भाजी घ्याले आली होती." त्या दिवशी बाजार नव्हता. चहावाला हसून म्हणाला, "बाई परवापासून भाजीच घेऊन राह्यल्या."

आता मी हेच शिकवते. पहिल्या तासाला तुझं वाक्य फळ्यावर लिहिते. मुलं हुशार, झटक्यात झाड काढतात, आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर विचारलं तर सांगतात, कोणीच नाही. तुझा आवाज कुठल्या फांदीवर ठेवायचा ते मला अजून आलेलं नाही. तो ऐकावासा फार वाटतो गं. घरी एकटी असले की ते वाक्य तुझ्यासारखं म्हणून बघते, जमत नाही.

गेल्या महिन्यात सिंदेवाहीला गेले होते. आपलं घर केव्हाच विकलं, भेटायचं कोणी नव्हतं. स्टँडवरच बसून येणाऱ्या गाड्या बघत राहिले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, ते माझ्याजवळच राहील. पण तुला सांगते, कोणी विचारलं असतं तर भाजी घ्यायला आले असंच म्हणणार होते. थैलीसुद्धा नेली होती.