वेलीखालचा प्लग

बाबा, आज माझ्या नव्या घरी वायरमन येऊन गेला. बैठकीत पंख्याची पिन लावायला प्लग कुठे बसवायचा, असं त्याने विचारलं. मी पट्टी घेऊन जमिनीपासून साडेचार फूट मोजले, तीनदा मोजले, आणि भिंतीच्या अगदी मधोमध खूण केली. हे दिवाणावर बसून हसत होते. "भिंतीले गळू झाल्यावानी दिसन," म्हणाले. मी म्हटलं, दिसू द्या, दिसलाच पाहिजे. माझा आवाज इतका चढला की वायरमनने हातातली खिळ्यांची डबी खाली ठेवली. राग यांच्यावर नव्हता. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तो तुमच्यावर होता.

खामगावचं आपलं घर बांधून झालं तेव्हा गल्लीत पहिली वीज आपल्याकडे आली. वडनेरहून भाऊबंद नुसतं बटण दाबून पाहायला यायचे. बैठकीच्या भिंतीवर तुम्ही चिताऱ्याकडून गेरूची वेल काढून घेतली होती, बसलेल्याच्या कमरेपासून पार उभ्याच्या छातीपर्यंत चढत गेलेली, निळ्या फुलांची. वायरमनने प्लगसाठी बोट ठेवलं ते नेमकं त्या फुलांत. "माह्या भिंतीचा सत्यानाश करतं काय बे?" तुम्ही ओरडलात. तो गरीब माणूस हात जोडून सांगत होता, "पाटील, खाली नोका घेऊ. बाया सारवतात, हात वला राह्यते. करंट मारन." तुम्ही विचारलंत, "घर माहं हाय का तुहं?" त्याने फुलांवरचं बोट काढलं.

आणि हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. विजेच्या कंपनीने दिलेला सूचनांचा कागद त्याच सकाळी तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावला होता. मी शाळेत जायच्या आधी तुम्हीच माझी शाळा होतात. त्या कागदात लिहिलं होतं, प्लग ओलीपासून दूर आणि उंचावर असावा. एका शब्दाला मी अडखळले, तर तुम्ही कान पिळून सबंध ओळ पुन्हा वाचून घेतलीत. वाचन चुकू नये एवढंच तुमचं लक्ष. वाचलेलं पाळायचंही असतं, हे त्या धड्यात नव्हतं. घरात तो कागद दोघांनाच वाचता येत होता, तुम्हाला आणि मला. जिचे हात रोज त्या जमिनीवर फिरायचे, तिला तुम्ही अक्षर शिकवलं नाहीत.

प्लग जमिनीपासून वीतभर उंचीवर बसला, लोडामागे. पाहुण्यांना फक्त वेल दिसायची.

महालक्ष्म्यांच्या आदल्या सकाळी आई बैठक सारवायला घेते. गादी गुंडाळते, लोड बाजूला करते. मी दारात पाटी घेऊन बसले आहे. आईच्या माहेरी, सोनाळ्याला, सारवताना खालची वीतभर भिंतही सारवतात, जमीन आणि भिंत यांचा सांधा दिसू नये म्हणून. ती रीत तिने इथेही सोडली नव्हती, आणि तुम्ही लग्नापासून ती पाहत होतात. भिंतीच्या कडेने तिचा ओला हात ओढत ओढत येतो. ती ओरडलीसुद्धा नाही. मागे फेकली गेली, शेणाचं घमेलं उलटलं. उजव्या हाताची दोन बोटं करपली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. आजही ती भाकर डाव्या हाताने थापते. तुम्ही धावत आलात, आणि सगळ्यांसमोर पहिलं वाक्य काय बोललात? "तुले दिसला नाही काय थो?" न दिसावा म्हणूनच तर तो तिथे बसवला होता, बाबा!

आई आता माझ्याजवळच असते. दुपारी तिने आखडलेल्या बोटांनी माझी खूण चाचपून पाहिली. "इतल्या वर? बरं केलं बाई," म्हणाली. "थ्या वेलीपायी माहा हात गेला. अन् वेल तरी कोनाले दिसे? लोकं तिले पाठ लावूनच बसत!" आणि ती हसली. तिला हसू येतं, मला येत नाही.

हे पत्र मी तिला वाचून दाखवणार होते. पण इथे येऊन अडले. त्या दिवशी वायरमनने बोट काढल्यावर तुम्ही मला हाक मारलीत, "बाई, तू सांग, कुठी नाही दिसणार?" कागद नुकताच वाचलेली मी, अकरा वर्षांची, मला ती निळी फुलं हवी होती. मी लोड सरकवला आणि भिंतीवर बोट ठेवलं. तुम्ही माझी पाठ थोपटलीत. का विचारलंत मला? पुढे हाताला फडकं बांधलेल्या आईने विचारलं, "तथी कोनं बसवाले लावला?" तर तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "म्या."

एवढा भाग गाळून वाचता येईल. पण गाळून वाचणं म्हणजे खोटं वाचणं, हेही तुम्हीच शिकवलंत. म्हणून वाचणारच नाही. आईला अजून तुमचंच नाव माहीत आहे.