निळ्या दोऱ्याच्या चष्म्याची हकिकत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम, आणि या खेपेला तो मान खाली घालून. तुझे गुडघे कसे आहेत, खोकला गेला का, भाचा वेळेवर जेवतो का, हे सगळं मनापासून विचारतोय असं समज. मी परवाच परत आलो. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बहिणीला पत्र, आणि तेही शेजारणीच्या हाती कशाला, असं तू म्हणशील. समोर येऊन सांगायचा धीर नाही, म्हणून. अक्षर एवढं मोठं का (एका पानावर जेमतेम सात ओळी मावताहेत), तेही पुढे कळेलच.

निघण्याआधी आपलं जे वाजलं ते तू विसरली नसशील. गरजू माणसं आपल्या गल्लीत कमी आहेत का, की त्यासाठी समुद्र ओलांडायचा, असं तू विचारलंस. मी तुला माझ्या चष्म्याच्या दुकानात उभं करून वीस मिनिटं सुनावलं, की सेवेला सीमा नसते, अनोळखी माणसासाठी झिजतो तोच खरा सेवक वगैरे. (वाक्यं पाठ होती, पाळकसाहेबांनी आदल्याच रविवारी म्हटली होती.) त्या वेळी तुझ्या नाकावर भाऊजींचा चष्मा होता. भाऊजींना जाऊन चार वर्षं झाली, त्यांचा नंबर वेगळा, तुझा वेगळा. तुझा स्वतःचा चष्मा आठ महिने माझ्या दुरुस्तीच्या खणात पडून होता. काडीचा स्क्रू पडला म्हणून तू तिथे निळा दोरा गुंडाळून आणला होतास, पाच मिनिटांचं काम आहे म्हणालीस, आणि मी म्हणालो, ठेव, आत्ता करतो. नंतर दर रविवारी उपासना सुटली की तू विचारायचीस आणि मी म्हणायचो, होईल. एकदा तर तू ८६ ऐवजी ६८ नंबरचं गीत उघडून सगळ्या मंडळीत एकटीच वेगळं गात होतीस, तेव्हा पुढच्या बाकावर बसून मी हसलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्या दुकानात चांगला गुडघाभर साचला होता.

आता तिकडचं. आमच्या तुकडीत सहा जण, सगळ्यांच्या डोक्यावर ‘डोळस सेवा’ लिहिलेल्या टोप्या. शाळेच्या एका वर्गात शिबिर लावलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी चाळीस म्हाताऱ्याकोताऱ्यांना नजर तपासायचा तक्ता दाखवला आणि चाळिसांनीही सगळं स्वच्छ दिसतं म्हणून सांगितलं. मी मनात म्हटलं, काय डोळे आहेत या मुलखात. जेवायच्या सुट्टीत तिथल्या नर्सबाईंनी (त्याच आमच्या दुभाषी) हळूच सांगितलं की तक्ता उलटा टांगलाय, पाहुण्याला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. चाळिसांना पुन्हा बोलावलं. सगळे हसत आले, एकानेही टोमणा मारला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

पण काम खोटं नव्हतं, एवढं मात्र सांगतो. नीट नंबरचा चष्मा चढला की माणूस आधी स्वतःचे हात बघतो, हे तीस वर्षं दुकानात बसून मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्यासाठी रांधणाऱ्या स्वयंपाकीणबाईंनीही आधी हात बघितले, मग पातेल्याचं बूड बघितलं, जीभ चावली आणि ते पुन्हा घासायला नेलं. (आम्ही नुकतेच त्यातलं जेवून उठलो होतो.)

तिसऱ्या दिवशी त्या वाढायला वाकल्या आणि मी ताट सोडून त्यांच्या कानाकडे बघत बसलो. चष्म्याच्या काडीला निळा दोरा होता, तीन गाठींचा. अशी गाठ जगात तू एकटी मारतेस. निघायच्या गडबडीत मी दान आलेल्या जुन्या चष्म्यांच्या खोक्यात दुरुस्तीचा खणही उपडा केला होता, आणि नंबर जुळला म्हणून तुझा चष्मा माझ्याच हाताने त्यांच्या नाकावर चढवला होता, दोऱ्याकडे न बघता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा निदान हलवायाला ओळखत तरी असतो.

यापुढचं सांगायलाच हे पत्र आहे. मी तो परत घ्यायला गेलो. त्याच नंबरचा सोनेरी फ्रेमचा चष्मा घेतला, नर्सबाईंना पुढे घातलं, आणि हा बघा किती झकास, तो जुना देऊन टाका, अशी घासाघीस त्या गरीब बाईंशी केली, डोक्यावरच्या टोपीसकट. त्यांनी दोरा चाचपला आणि काहीतरी विचारलं. नर्सबाई मला म्हणाल्या, “त्या म्हणतात, इतक्या नेटानं दोरा बांधणारी बाई चष्मा टाकून देणारी नव्हे. कुणाचा आहे हा? आणि ती आता कशानं बघते?”

मी म्हणालो, माझ्या बहिणीचा. तिनं मनापासून दिलाय. तिच्याकडे दुसरा आहे.

तीन वाक्यं, आणि त्यातलं धड खरं एकच. ताई, एवढी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. त्यांनी तुझं नाव तीनदा विचारून घेतलं आणि तिथेच डोळे मिटून तुझ्यासाठी प्रार्थना केली. मीही डोळे मिटले, पण ते त्यांच्याकडे बघवेना म्हणून. निघायच्या दिवशी त्यांनी स्वतः शिवलेलं चष्म्याचं घर माझ्या हातात ठेवलं, तुझ्यासाठी. टाके बारीक आणि एकसारखे आहेत. समुद्र ओलांडून का जायचं, असं तू विचारलं होतंस. त्या बाई आठवल्या की जायला हवं होतं असंच अजून वाटतं. फक्त निघताना आधी तुझ्या दारावरून जायला हवं होतं. सेवा तू केलीस, विमानात बसलो मी.

तुझा, टोपीपुरता डोळस,
धाकटा

ता. क. – ते घर सोबत पाठवतोय. रिकामंच आहे, उलटं करून झटकू नकोस.

ता. क. दुसरा – आता मुद्द्याचं. आल्या आल्या पाळकसाहेबांना मी सांगून बसलो की तू स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढून दिलास. त्यांना भरून आलं. येत्या रविवारी मंडळीपुढे तुझा सत्कार ठरलाय. तेव्हा ‘कसला चष्मा?’ असं विचारू नकोस, नुसती मान हलव, एवढीच विनंती.

ता. क. तिसरा – वरचा ता. क. वाचू नकोस. (पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं.) रविवारी पुढे मीच उभा राहीन आणि झालं ते सांगेन, ६८ नंबरच्या गीतासकट. त्या वेळचं माझं तोंड तुला भाऊजींच्या चष्म्यातून नीट दिसायचं नाही, आणि ते तर दिसायलाच हवं. म्हणून उद्या सकाळी नंबर तपासायच्या काचांची पेटी घेऊन तुझ्याकडे येतो. दार उघड. पाच मिनिटांचं काम आहे.