बरणीवरची लाल रेघ

मंगळवार, ७ मे

पुन्हा बंद पडलं. ईस्टर झाल्यापासून हेच चाललंय – नॉल्टन, माझा नवरा, पहाटे बोट घेऊन निघतो आणि माझी कॉफी संपायच्या आत परत. खाडीच्या पहिल्याच वळणावर इंजिन खोकतं, धापा टाकतं, मरतं. मग वल्हं मारत मागे. नशीब, मोठ्या तळ्यात पोचल्यावर नाही मरत.

"पेट्रोलच खराब," म्हणाला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला. खेकड्यांचा ऐन हंगाम, आणि आमचे पिंजरे पाण्यात तसेच. आतले खेकडे एकमेकांना खात असतील. कालचा भात आणि सॉसेज गरम केलं, झालं.

बुधवार, ८ मे

मेकॅनिक एर्व्हिन आला. कार्ब्युरेटर उघडला तर आत हिरवट चिकटा. इंधनाची रबरी नळी नुसती दाबली तर त्याचं बोट काळं झालं.

"काकू, या म्हाताऱ्या इंजिनाला इथेनॉलवालं पेट्रोल पाजू नका, किती वेळा सांगू? ती मक्याची दारू. हवेतलं पाणी ओढून घेते, नळ्या खाते. गाडीचं ठीक आहे, बोटीचं वाटोळं."

"अरे, आम्ही मच्छीमार सोसायटीच्या धक्क्यावरचं घेतो. बिनइथेनॉलचं. पंपावर पाटी आहे."

"पाटी लिहायला काय जातं?"

नॉल्टन शेजारी उभा राहून नुसता फडक्याने हात पुसत होता. एरवी एर्व्हिनशी हुज्जत घातल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. थकला असेल. मीही थकलेय.

जाताना एर्व्हिनने बरणीची युक्ती सांगितली. पेट्रोलात भेसळ करून कोणी आम्हाला फसवत असेल तर त्याला सोडणार नाही.

गुरुवार, ९ मे

भेंडीच्या लोणच्याची रिकामी बरणी घेतली. नेलपॉलिशने बाहेरून लाल रेघ ओढली. रेघेपर्यंत पाणी, वर पेट्रोल, झाकण लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पेट्रोलात इथेनॉल असेल तर खालचं पाणी ते पिऊन घेतं आणि रेघेच्या वर चढतं. नसेल तर पाणी जिथल्या तिथे.

सोसायटीच्या पंपावरून थोडं मागून आणलं. पाणी रेघेवरच. शुद्ध.

मग खराब काय आहे?

शुक्रवार, १० मे

दुकानात ओव्ही भेटला, नॉल्टनचा चुलतभाऊ. तोही खेकडेवाला. मला बाजूला घेतलं.

"वहिनी, राग मानू नका. पिंजऱ्यांवर तरंगणारे माझे बोये लाल-पांढरे, तुमचे नारिंगी. ईस्टरच्या आठवड्यात नॉल्टन माझे पिंजरे उचलत होता. मी लांबून बघितलं. दुसरा कोणी असता तर बंदूक काढली असती."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच्या बोयाला हात! इथे बायको पळवलेली लोक विसरतात, पिंजरा उचललेला विसरत नाहीत. मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याने आयुष्यात दुसऱ्याचा खेकडा घेतलेला नाही." सामान तसंच टाकून निघून आले.

नॉल्टनला सांगितलं. तो नळाखाली हात धूत होता. धूतच राहिला. मग म्हणाला, "परत सोडले मी ते. सगळे खेकडे परत सोडले."



सोमवार, १३ मे

पाठ दुखतेय. एर्व्हिनने नवी नळी घातली, टाकी रिकामी करून धुतली. नॉल्टन ट्रक घेऊन पेट्रोल आणायला गेला. म्हटलं मी जाते, तर कॅन हातातून काढून घेतला. कॅन नेहमी तोच भरतो.

मंगळवार, १४ मे

बंद. पहिल्याच वळणावर.

बुधवार, १५ मे

नॉल्टन दुपारी झोपला तेव्हा कॅनमधलं पेट्रोल बरणीत ओतलं. हलवलं. ओट्यावर ठेवलं आणि कांदा चिरायला घेतला. वळून बघते तर पाणी लाल रेघेच्या चांगलं वर.

हे सोसायटीचं पेट्रोल नाही. हायवेवरच्या पंपाचं असणार, तिथे इथेनॉलवालंच मिळतं. आणि नॉल्टन चुकून ते घेणार नाही. जन्मभर कॅनचं झाकण उघडून आधी नाक लावलंय त्याने. वासावरून सांगतो. म्हणजे मुद्दाम.

आधी भयंकर राग आला. आठवडाभर मी बरणी हलवत फिरतेय, आणि चोर घरातच.

मग ओव्हीचे बोये आठवले. उन्हात चकाकणाऱ्या पाण्यावर लाल कुठला, नारिंगी कुठला – त्याला दिसलंच नसेल. परवा जेवताना तिखटाच्या बाटलीच्या शेजारची हवा धरली त्याने. मी हसले होते. त्याच्या वडिलांचे डोळे याच वयात गेले. शेवटी लोक ताट हातात द्यायचे त्यांच्या, आणि ते ओसरीवर बसून कोण आलं कोण गेलं विचारायचे. नॉल्टन त्या घरात जेवायचा नाही, अंगणात उभा राहायचा.

डोळे गेले म्हणायचं नाही. चोर ठरायचं नाही. इंजिन खराब म्हटलं की माणूस खराब होत नाही.

ओट्याला टेकून रडले. मग बरणी धुऊन ठेवली.

शनिवार, १८ मे

ओव्हीकडे गेले. म्हणाले, "आमचं इंजिन काही सुधारत नाही. नारिंगी बोयांचे पिंजरे यापुढे तूच उचल. आमचा निम्मा वाटा दे."

त्याने टोपी काढली, परत घातली. "म्हातारी इंजिनं अशीच करतात, वहिनी," म्हणाला. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल मी माफी मागणार होते, त्यानेच कॉफी पुढे केली.

घरी येऊन नॉल्टनला म्हटलं, "इंजिन ठीक होईपर्यंतच हं." तो हो म्हणाला. ट्रकची किल्ली मी माझ्या खिशात ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं मी अजून काढलेलं नाही. काढेन.

सोमवार, २० मे

आज कॅन मी भरून आणला. सोसायटीचा धक्का मागे टाकून हायवेवरच्या त्या पंपावर गेले.

नॉल्टनने झाकण उघडून नाक लावलं. बराच वेळ. मग माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं आणि म्हणाला, "चांगलं पेट्रोल आणलंस."