हिरवी पट्टी

शनिवार, १० ऑक्टोबर

आधी टपकली ती खालच्या मजल्यावरची नर्स. पोरींचा अजून पत्ता नाही आणि ही दारात — "आल्या का नाती? थोरली उंच झाली असेल ना?" झाली असेल, तुला काय करायचंय बाई? बसली, बिस्किटं संपवली. मग धाकटी आली, अर्धं डोकं भादरलेलं. तिच्यामागून थोरली, कानात बोंडं घालून. नर्सचे डोळे पांढरे. माझे ओले, पण ते कांदा चिरत होते म्हणून.

एक सतरा, एक पंधरा. बसने एकट्या आल्या. मुलगा आला नाही. तीन वर्षं झाली, त्याने हा जिना चढलेला नाही. आईने — म्हणजे मी — त्याचं घर सोडलं आणि या वयात पुन्हा हॉटेलच्या धुलाईखान्यात उभी राहिली, हे त्याला झोंबलं. पोरींना पहिल्यांदाच पाठवलंय, आठवडाभर. फोनवर म्हणाला, "नऊच्या आत घरात. काही वेडंवाकडं कानावर आलं, तर हे शेवटचं समज."

बरं, साहेब.

रविवार, ११ ऑक्टोबर

खिसे उलटे केल्याशिवाय माझ्या हातून कपडा पाण्यात जात नाही. लोकांच्या खिशांतून मी काय काय काढलंय, ते कागदालासुद्धा सांगणार नाही. आज थोरलीच्या पँटमधून ओळखपत्र निघालं. फोटो तिचा, नाव तिचं, जन्मसाल चार वर्षं आधीचं. म्हणजे एकवीस! काल उशीला मिठी मारून झोपली होती ही एकवीस.

बापाला सांगितलं तर उद्याच्या बसने परत. नाही सांगितलं आणि पोर कुठल्या गुत्त्यात सापडली, तर कायमच्या परत. पँट धुतली, इस्त्री केली, कार्ड त्याच खिशात ठेवलं. तोंडाला कुलूप.

जेवताना विचारलं, "इथे रात्रीचं काय बघायचंय?"

घास तसाच राहिला दोघींचा. धाकटी म्हणाली, "आजी, आम्हाला कुठे सोडतच नाहीत गं. वय बसत नाही."

"सोडतात तिथे जाऊ. मी येते."

सोमवार, १२ ऑक्टोबर

गोळे फेकण्याचा हॉल. आधी दुसऱ्याचे बूट घालायचे, आतून ओलसर. मग जड गोळा घरंगळवून खुंट्या पाडायच्या. यंत्र त्या परत उभ्या करतं. मग पाडल्या कशाला? आम्ही दिवसभर चादरी धुतो, त्या निदान कोणी अंगाखाली तरी घेतं. माझा गोळा शेजारच्याच्या पट्टीवर गेला आणि त्याच्या सगळ्या पडल्या. त्याने वाकून नमस्कार केला. तेवढा एक माणूस बरा.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

दारू नसलेल्या दारूचं दुकान. म्हणजे सरबत — काठाला मीठ, वर कागदी छत्री. पोरं गालाला हात लावून असं बसतात, जणू संसार बुडालाय. धाकटीला तर चढलीच. जिन्यात म्हणाली, "आजी, धर मला." संत्र्याचा रस प्यायली होती.

बुधवार, १४ ऑक्टोबर

पाय दुखतात. नर्स म्हणते, मलाही न्या. नेणार नाही.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

नाचघर. अठराच्या आतल्यांना आठवड्यात एकच रात्र, नऊ ते अकरा, तीही मोठ्या माणसाबरोबर. नऊच्या आत घरात — हो, ठाऊक आहे. पण ही एकटी त्या कार्डावर जाण्यापेक्षा माझ्याबरोबर गेलेली बरी.

दारावरच्या पैलवानाने माझंच कार्ड मागितलं. घरी राहिलं होतं. "कार्ड नाही तर वय नाही," म्हणाला, आणि माझ्या मनगटाला पोरांची हिरवी पट्टी चिकटवली. एकाहत्तर वर्षांच्या बाईला!

"मग आता तुमच्यात मोठं कोण?" त्याने विचारलं.

थोरलीचा हात खिशाकडे गेला. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिने पाहिलं. खिशातून हात रिकामा बाहेर आला.

"कोणी नाही," ती म्हणाली. "तिघी लहान."

मागच्या रांगेत एक टकल्या बाप होता, स्वतःची दोन घेऊन आलेला. म्हणाला, "या, माझ्यात धरा." तर आज मी एका परक्या टकल्याच्या जबाबदारीवर होते.

आत गाणंच नाही! प्रत्येकाच्या कानावर डबडं, गाणं त्यात. खोलीत नुसता बुटांचा आवाज आणि शंभर पोरं मुंग्या चावल्यासारखी उडतायत. इतकं खुळचट मी जन्मात पाहिलं नाही. पाऊण तास नाचले.

परत येताना थोरली हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"इस्त्री कोणी केली मग, भुताने?"

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

धाकटीने मैत्रिणीला म्हणून फोटो पाठवला, तो गेला बापाला. मी, डोक्यावर डबडं, मागे घड्याळ, पावणेअकरा.

फोन आला. "उद्या येतो न्यायला." ठेवला. एवढंच.

कपडे आज दोनदा मोजले आणि दोनदा चुकले. त्याचा स्वभाव मला माहीत आहे. शेवटचं म्हणाला होता.

शनिवार, १७ ऑक्टोबर

जिना चढून आला. तोंड उघडायच्या आत थोरलीने कार्डाचे दोन तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले. माझ्या कात्रीने कापलेले. "बाबा, मी काल रात्रीच बारमध्ये जाणार होते. गेले नाही. परवा आजीबरोबर नाचायला गेले होते, म्हणून."

त्याने माझ्या मनगटावरच्या हिरव्या पट्टीकडे बघितलं. "अजून काढली नाहीस?"

"निघत नाही," म्हटलं. साफ खोटं.

मग खुर्ची ओढून बसला. पाणी मागितलं.

थोरलीला अठरा पूर्ण होतात १४ मार्चला, रविवारी. त्या दिवशी तिला बारमध्ये नाही, इथे यायचंय. बाप धरून तिघं येणार.