मोठ्यानं केलेली प्रार्थना

५ फेब्रुवारी, बुधवार

दालमिल अजून बंदच. सकाळी शिलाईला बसले, ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या. उसवल्या. परत उलट्याच! लक्ष भिंतीपलीकडे.

पलीकडची वच्छला आता संपाची पुढारी. परवापरवापर्यंत कढीपत्ता मागायलासुद्धा लाजायची ही बाई! मिलमध्ये गंगूबाईची दोन बोटं मशीनच्या पट्ट्यात गेली आणि शेठनं टाके वाळायच्या आत तिला कामावरून काढलं. सगळ्या बाया बाहेर पडल्या. मागणी एवढीच — पट्ट्याला जाळी बसवा, गंगूबाईला परत घ्या. एका जाळीसाठी शेठला कमीपणा वाटतोय.

मिलचे मॅनेजर मनोजभाऊ आमच्याच मंडळीतले. रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर, शुक्रवारी घरगुती प्रार्थनेत पेटीवर. शेजाऱ्यावर प्रीती करायची, हे लहानपणापासून पाठ. पण माझा एक शेजारी भिंतीपलीकडे आणि दुसरा पुढच्या बाकावर! दोघांवर एकदम कशी करायची, ते कोणी शिकवलं नाही.

पाळकसाहेबांना विचारलं. "आपण दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना करू." हे बरं आहे. दोन डगरींवर पाय, वर पुण्य!

६ फेब्रुवारी

वच्छलानं भिंतीवरून हाक मारली. आवाज अगदी बारीक. "ताई, सोमवारी पहाटेच आमी साऱ्याजनी गेटासमोर बसनार आहो. गोडाऊनात माल भरून हाये, तो बाहीर पडू द्याचा नाई. माल अडला त शेठले बोलाच लागन. कोनाले सांगू नका बरं!"

मी? मी कशाला कोणाला सांगते!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज प्रार्थना आमच्याकडे. छान झाली. माझ्या प्रार्थनेला लेक आचल पॅसेंजर गाडी म्हणते — सगळ्या स्टेशनांवर थांबते म्हणून. अमरावतीला नोकरीला लागल्यापासून पोरीची जीभ जास्तच चालते. थांबते मी! मोघम मागणं मला जमत नाही. नाव घेऊन, कारण सांगून मागते.

आज गंगूबाईच्या हातासाठी मागितलं, वच्छलासाठी मागितलं. बोलता बोलता डोळे भरून आले. मनोजभाऊ "आमेन" म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

८ फेब्रुवारी

चहा का घेतला नाही?

९ फेब्रुवारी, रविवार

आम्ही उपासनेत, आणि तिकडे मिलमध्ये ट्रक भरले. दुपारपर्यंत गोडाऊन साफ. पुढचा बाक आज रिकामा होता — मनोजभाऊ आलेच नव्हते.

संध्याकाळी दाराशी तांदूळ निवडत होते आणि एकदम आठवलं, शुक्रवारी मी काय म्हणाले ते. "हे प्रभू, सोमवारी पहाटे माल अडवायला गेटासमोर बसणाऱ्या माझ्या बहिणींना थंडीत सांभाळ."

थंडीत सांभाळ! माझ्या तोंडाला कुलूप का नाही घातलंस रे देवा!

१० फेब्रुवारी

बाया तरीही बसल्या. रिकाम्या गोडाऊनसमोर. वॉचमन हसत होता म्हणे.

११ फेब्रुवारी

आता एकच विषय — बातमी फोडली कोणी? आणि नाव कोणाचं निघालं, तर गंगूबाईचं! का, तर शनिवारी मनोजभाऊ सफरचंदं घेऊन तिच्या घरी गेले होते. "मॅनेजर उगाच येते का? शेठनं तिले फोडलं." ज्या बाईसाठी संप, तिच्याच दारावरून बाया तोंड फिरवून जातायत.

नळावर ती एका हातानं बादली उचलत होती. कोणी पुढे झालं नाही. मी उचलली. म्हणाली, "ताई, मी काय केलं वं?" मला उत्तर माहीत होतं. बादली ठेवून पळून आले. लाज वाटते लिहायला.

१२ फेब्रुवारी

मनोजभाऊंना मनात शिव्या घालते — देवासमोरचं बोलणं शेठच्या पायाशी नेऊन टाकलं! मग वाटतं, ठेवलं कोणी होतं त्यांच्यासमोर?

आचलला फोन केला. "मम्मी, चूप राय ना! तुले कोनी विचारलं का?"

नाही विचारलं. तेच तर खातंय मला.

१३ फेब्रुवारी

सांगितलं. भिंतीवरून नाही, दारातून आत जाऊन. गंगूबाईला सोबत घेऊन गेले होते. वच्छला भाकरी थापत होती. हात थांबले.

"तुमी देवाले सांगतलं का मॅनेजरले?"

"देवाला."

"मंग देवानं काहून सांगतलं त्याले?"

तव्यावरची भाकरी करपली, तिनं काढली नाही. गंगूबाई भिंतीला टेकून रडत राहिली. वच्छलानं आधी उठून तिला पाणी दिलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "आता आमच्यासाठी काई मागू नका, ताई. तुमच्या पाया पडतो."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जाणारच नव्हते. प्रार्थना नेमकी मनोजभाऊंकडे! गेले, कोपऱ्यात बसले. तोंड उघडायचं नाही, ठरवूनच.

तोंड मनोजभाऊंनी उघडलं. एरवी दोन वाक्यांत आटोपणारा माणूस! "प्रभू, उद्या सकाळी दर्यापूरकडून दोन जीप भरून माणसं मिलमध्ये कामाला आणतायत. संप आहे हे त्यांना सांगितलेलं नाही. पट्ट्याला जाळी नाही, हेही सांगितलेलं नाही. त्यांना सांभाळ."

मी डोळे उघडले. मनोजभाऊंचे आधीच उघडे होते. सरळ माझ्याकडे बघत होते.

चहा न घेता या वेळी मी निघाले. प्रार्थनेत ऐकलेलं बाहेर नेलं म्हणून आठवडाभर ज्यांना शिव्या घातल्या, तेच आता मी करायचं? आणि ती जीपमधली माणसं? त्यांनाही पोट आहे, तीही शेजारीच की! पण त्यांचीही बोटं त्याच पट्ट्यापाशी जाणार.

वच्छलाची कडी वाजवली. "पुन्हा देवाले सांगून आल्या का?"

"नाही. आज ऐकून आले."

१५ फेब्रुवारी

मिलच्या वळणावर जीप थांबवल्या. काही पोरांनी दगड उचलले होते, वच्छलानं खाली टाकायला लावले. "तेबी आपल्यासारखेच हायेत, बाप्पा!" गंगूबाई पुढे झाली, पट्टी सोडून हात दाखवला. "हे पाहून घ्या. मंग जाचं त जा." जीपमधल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला.

सगळ्यांना चहा पाजला. पातेलं माझं, साखर वच्छलाची. जीप परत वळल्या. त्या माणसांची आजची मजुरी मात्र बुडाली. ते मनातून जात नाही.

१८ फेब्रुवारी

बाहेरून कोणी कामाला यायला तयार होईना, शेठ नमला. जाळी बसली! उद्यापासून गंगूबाई कामावर! वच्छला अजून बोलत नाही. पण भिंतीवर कढीपत्त्याची जुडी ठेवून गेली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जीपची बातमी यांनीच फोडली म्हणून शेठनं मनोजभाऊंना काढलं. प्रार्थनेला आले, पण पेटी उघडली नाही. पाळकसाहेब म्हणाले, "आपण सर्व गरजवंतांसाठी..." तेवढ्यात दारात चपला वाजल्या. वच्छला! मागे गंगूबाई. दोघी कधी आमच्या प्रार्थनेला आल्या नव्हत्या. सतरंजीच्या कडेला बसल्या, डोक्यावर पदर घेतला.

"ताई," वच्छला म्हणाली, "मॅनेजरसाठी मागा. नाव घेऊन मागा. अन् जोरानं — शेठले आयकू गेलं पायजे."