शारजाला जायचा सराव

२५ फेब्रुवारी, मंगळवार
ही डायरी नात वैभवीच्या कंपनीची. वर सोनेरी अक्षरं, आत एक ओळ लिहिलेली न्हाई. शिकलेली माणसं कागद फुकट घालवतात. मी तिसरी पास, पण पान भरून दाखवते.
वैभवी शारजात असते. मार्चच्या शेवटाला बाळंत होणार. तिची आई, म्हणजे माझी सून रेश्मा, शाळेत मास्तरीण, परीक्षेत रजा न्हाई. मग जाणार एक तर मी, न्हाईतर वैभवीची सासू, कासारसाईची साळूबाई. तिचं घर एवढंसं, तिकीट एकच. वैभवी म्हणाली, आजी, मला तूच हवीस, पण हितं रमजान असणार, चार नियम पाळशील का? शब्द दिला. आमच्या जांबे गावात माझ्या शब्दाला किंमत हाय.
नियम असे. एक, दिवसा चारचौघांत खायचं-प्यायचं न्हाई, तंबाखू तर न्हाईच. दोन, हळू बोलायचं. तीन, रोजा का धरला न्हाईस असं कुणाला विचारायचं न्हाई. चार, संध्याकाळी रोजा सोडायला बोलावलं तर गोड घेऊन जायचं, उजव्या हातानं द्यायचं-घ्यायचं.
तंबाखूचं दोनदा बजावलं. मी कुटं तंबाखू खाते? मिसरी लावते. मिसरी म्हणजे दात घासणं. भाजून काळी केल्यावर तंबाखूत काय उरतं.
तेरा मार्चला व्हिडिओ कॉल, माझी परीक्षा, मग तिकीट. बॅग माळ्यावरून काढली.

२ मार्च, रविवार
रमजान लागला. आजपासून सराव. आमच्या तीन नंबरच्या खोलीत शकीला भाड्यानं राहते, बिहारची. नवरा हिंजवडीला फरश्या बसवतो. ती रोजे धरते. तिच्यापुढं नीट वागलं की शारजापुढं वागल्यासारखंच.
सकाळी सातचा चहा दार लावून. फक्कड जमलं.
सकाळी १०. ओट्यावर बसले तर बोट आपोआप तोंडाकडं जातं. उठून गोठ्यात गेले, तितं मिसरी लावली. तितं फक्त म्हैस. म्हैस चारचौघांत मोडत न्हाई.

४ मार्च, मंगळवार
शकीलाला सांगून टाकलं, मेराबी रोजा हाय, पूरा महिना. तिनं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, दादी, तुम्हाला गरज न्हाई, आमच्यासमोर खाल्लं न्हाई तरी पुष्कळ, आणि खाल्लं तरी आमी काय म्हणणार. मला कमी समजते. सोळा सोमवार केलेत मी.
दुपारी दीड. भाकरी थापली. तिच्या आणि माझ्या खोलीत एक पत्रा, म्हणून टीव्ही मोठा लावला. मालिकेत कुणीतरी मेलं होतं, सगळे गळा काढून रडत होते. त्यात दोन भाकरी झाकून गेल्या. तिसरीला जाहिराती लागल्या.

७ मार्च, शुक्रवार
नियम दोन. पाण्याच्या टँकरवाल्या वाल्मीकनं माझ्या भेंडीवर चाक घातलं. मी ओरडले न्हाई. हळूच म्हणाले, तुझा मुडदा बशिवला. मग जरा हळू त्याच्या आईचं काढलं. मग बापाचं. बापाला जरा आवाज चढला असंल. विठ्ठलराव पलीकडच्या आळीतून पळत आले, म्हणाले, चंद्राबाई, कोण गेलं?
उद्यापासून शिव्या मनात.

९ मार्च, रविवार
आज शकीला सकाळी अकराला नळावर पाणी पिताना दिसली. पाच-सहा गडी हंडे घेऊन उभे. मी ओट्यावरून विचारलं, क्या गं, आज रोजा सोड दिया? पोरगी लाल झाली, हंडा तसाच टाकून आत गेली.
दुपारी उमगलं. बाईमाणसाचे महिन्यातले दिवस. आमच्यातबी त्या दिवसांत देवाला हात लावत न्हाईत. म्हणजे तीन नंबरचा नियम यासाठी होता. मग वैभवीनं तसं फोड करून सांगायचं ना. म्हातारीला काय स्वप्न पडणार?
आल्याचा चहा करून तिच्याकडं गेले. चुकी हो गयी असं म्हणायचं होतं, ते म्हणाले न्हाई, चहा पुढं केला. तिला कळलं. सवयीनं माझाबी अर्धा कप पिऊन झाला. तिच्या ध्यानात आलं नसावं.

१० मार्च, सोमवार
एकादशी. आज खोटं बोलायचं काम न्हाई, खरा उपास. साबुदाण्याची खिचडी, रताळी, वरीचा भात, दाण्याची आमटी, दोन केळी, दही. एकादशीला रोज्याला सुट्टी, असं शकीलाला सांगून काय काय खाल्लं ते मोजलं तर तिनं डोळे एवढे केले. म्हणाली, दादी, उपास हाय ना? मग एवढं कसं खाल्लं? मी म्हणाले, न खाता उपास कसा करणार, ताकद कुठून येणार? तिला आमच्यातलं काय कळणार. तिनं शेंगदाण्याचा लाडू मात्र बांधून नेला.
मिसरी तीनदाच. म्हैस हंबरत होती म्हणून जावं लागलं.

१२ मार्च, बुधवार
साळूबाईचा फोन. गोड आवाजात, विहीणबाई, तयारी झाली का? तिला मिसरीची सवय न्हाई, शिव्यांची न्हाई, बोलायचीबी न्हाई. अशी बाई बाळाला अंघोळ काय घालणार? बाळाला रगडताना बोलावं लागतं. वैभवीला मी वर्षभर रोज न्हाऊ घातलं, शिव्या देत देत, म्हणून तिचं नाक असं सरळ आलं.
दात चुलीच्या राखेनं घासले. चकचकीत. जवळजवळ.

१३ मार्च, गुरुवार, होळी
रात्री ८. जे झालं ते लिहिते.
संध्याकाळी शकीलानं इफ्तारीला बोलावलं. पाच पुरणपोळ्या घेऊन गेले. उजवा हात. डोक्यावर पदर. खजूर घेतला, हळू बोलले. साळूबाईनं हितं येऊन शिकावं असं सगळं.
बरोबर त्याच वक्ताला वैभवीचा कॉल. मीच फोन शकीलाच्या हातात दिला, म्हणाले, तूच सांग बाई, साक्षीदार तू.
आणि शकीलानं सांगितलं. दादी लई नेमाची. पूरे रोजे. आणि दिवसातून तीन वेळा एकटी गोठ्यात जाऊन बसते, अल्ला-देवाचं नाव घेत असंल, बाहेर येते तेव्हा तोंडावर असं समाधान असतं की काय सांगू.
पलीकडं वैभवीनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, शकीलादीदी, फोन आजीकडं द्या. आजी, तोंड उघड. दात दाखव.
मी म्हणाले, नेट कट होतंय.
म्हणाली, दात, आजी.

१४ मार्च, शुक्रवार
तिकीट साळूबाईचं निघालं. वैभवी रडत होती. म्हणाली, आजी, तंबाखूची बोटं बाळाच्या तोंडाजवळ नकोत, डॉक्टरीण लई कडक हाय, आणि तू मला शब्द दिला होतास.
मला जायचंच नव्हतं. विमानात खिडकी उघडत न्हाई म्हणतात. म्हशीला कोण बघणार? भाड्याच्या खोल्या कोण बघणार? साळूबाई रिकामी, जाऊ दे.
बॅग माळ्यावर परत चढवायला जनार्दनला सांगितलं. माझं पोरगं, पण एक शब्द बोललं न्हाई. बोललं असतं तर बरं झालं असतं, चार ऐकवले असते.

३१ मार्च, सोमवार
शारजात ईद काल झाली, हितं आज. पाडव्याच्या पहाटे वैभवीला मुलगी झाली. फोटोत साळूबाईच्या मांडीवर. साळूबाईला बाळ धरता येत न्हाई, ताट धरल्यासारखं धरलंय. नाक बघितलं. कुणीतरी वेळेत लक्ष घालायला हवं.
शकीला शीरखुर्मा घेऊन आली. फोटो बघितला, मग एकदम रडायला लागली. म्हणाली, दादी, माफ करा. भाकरीचा आवाज मला रोज ऐकू यायचा. मिसरीची डबीबी गोठ्याच्या खुंटीला लटकलेली पाहिली होती. पण रोजा हाय का न्हाई, हे विचारायचं नसतं ना. त्या दिवशी तुमचं तिकीट व्हावं म्हणून मी वाढवून सांगितलं. रमजानात खोटं बोलले, आणि तेच तुम्हाला नडलं.
म्हणजे सगळ्या महिन्यात नियम पाळला तो तिनं.
मी तिला म्हणाले, रडू नकोस, शीरखुर्मा खारट हुईल. दोन वाट्या खाल्ल्या, ओट्यावर बसून, सगळ्यांदेखत.
संध्याकाळी वैभवीचा फोन. जूनमध्ये ये आजी, बाळ तीन महिन्यांचं होईल, तेव्हा तूच न्हाऊ घाल. पण मिसरी सुटली तर. मी म्हणाले, सुटली. आजच सुटली. डबी उकिरड्यावर फेकली.
फेकणारच हाय. उद्या सकाळी.
रात्री ८.१०. म्हैस हंबरतीय. जाऊन बघून येते.