ओला हातमोजा

सोमवार, २ तारीख

आले एकदाची. कातडी हातमोज्यांचा कारखाना स्टेशनपासून दहा मिनिटांवर आणि वरच्या मजल्यावर मला खोली. खाट, आरसा, मोठी खिडकी आणि एक झुरळ, तेही बिचारं मुकाट. मालकिणीला सगळे बाई म्हणतात. हसतमुख आहे. शेजारच्या मशीनवर बसणारीचं नाव मी बडबडी ठेवलं. तिच्या तोंडालाच दोन टाके घालावेत.

हे सोडायला येतो म्हणत होते. मीच नको म्हटलं. आमच्या छकुलीला जाऊन चार महिने झाले. कुलूप लावायला मागे वळले, तिचा हात सोडला, तेवढ्यात ती रस्त्यावर धावली आणि ट्रक आला. ह्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. उलट रोज सकाळी मला चहा करून देतात. तो घशाखाली उतरत नाही, म्हणून ही नोकरी धरली.

गुरुवार, ५

इथली एक रीत आज कळली. दुपारी चारला बाई जोड तपासतात. जिची शिवण वाकडी, तिनं तोच मोजा पाण्यात भिजवून स्वतःच्या हातात चढवायचा आणि वाळेपर्यंत काढायचा नाही. कातडं वाळताना आवळतं. आज माझी अंगठ्याची शिवण चुकली. तासाभरात बोटं ठणकायला लागली. बडबडीनं मला पाणी पाजलं आणि होईल सवय म्हणाली.

खरं सांगायचं तर चार महिन्यांत आज पहिल्यांदा रडू फुटलं. कुणीतरी माझा हात घट्ट धरला होता आणि सोडत नव्हतं. रात्री शांत झोप लागली.

बुधवार, ११

आता मुद्दाम चुकते. काल बाईंकडे एक नंबर लहान मोजा मागितला. बाई म्हणाल्या, "मागून मिळत नाही. जिला शिक्षा हवीय तिला ती न देणं, हीच तिची शिक्षा." माझे सगळे जोड पास केले, वाकडेसुद्धा. दिवसभर हात नुसता लोंबत राहिला. शेवटी त्यांच्या पाया पडले. तेव्हा लाज वाटली नाही, याची आता वाटतेय.

सोमवार, १६

मोजे चढवायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं. बडबडीची शिवण वाकडी होती. नाही, सरळच होती. तरी चढवला. ती एकदम गप्प झाली आणि मला हलकं वाटलं. घाबरून बाईंना विचारलं, मला हे काय होतंय.

"सोसताना वाटायचं, फेडतेय. आता दुसरीकडून फेडून घेतेस," त्या म्हणाल्या. "भूक एकच गं."

त्यांची बोटं सरळ होत नाहीत. आजच लक्षात आलं.

गुरुवार, १९

ह्यांचं पत्र. उद्या न्यायला येतात. मला जायचंय. मनापासून जायचंय. पण हात —

शुक्रवार, सकाळ

हे आले. माझे हात बघून रडले. मग म्हणाले, त्या दिवशी कुलूप लावायचं त्यांच्याकडे होतं. विसरून पुढे गेले. म्हणून मला वळावं लागलं. चार महिने हे पोटात ठेवून चहा करत होते.

"एकदा तरी मला बोल लाव," म्हणाले. "नाहीतर मलाही घाल तो मोजा."

त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. मी पाण्यातून दोन नंबर लहान —

दुपार

समोर बसलेत. मोजा वाळतोय. पुरे म्हणाले, दोनदा. मी मोजा कापायला कात्री शोधतेय असं दाखवलं. ती माझ्या मांडीवर आहे.

माझा ह्यांच्यावर जीव आहे. हे लिहून ठेवते, कारण मला इतकं बरं —

तिसऱ्यांदा म्हणाले. दुसरा भिजत घातलाय, आता त्यांचा डावा हात मी